घरात अहिराणी, शाळेत मराठी, पेपरात इंग्लिश : आठवी ते दहावीच्या पोरापोरींसाठी एक कामाची पद्धत

नववीत आम्हाला रजेचा अर्ज पाठ करून दिला होता, 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर' वाला. वर्गातल्या सगळ्यांना तो झोपेतसुद्धा म्हणता यायचा. सहामाहीला सरांनी मुद्दाम बोनाफाइड सर्टिफिकेटसाठी अर्ज विचारला आणि आम्ही अर्ध्या वर्गाने लिहिलं की मला ताप आलाय, तरी मला बोनाफाइड द्यावं ही विनंती. पेपर वाटताना सर माझ्याजवळ थांबले आणि एवढंच म्हणाले, "काय रे, ताप उतरना का?" म्हणजे उतरला का.

तो ताप पाठांतराचा होता आणि तो उतरायला मला फार वर्षं लागली. आता मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या पोरांचा क्लास घेतो, सगळी मराठी मीडियमची, बऱ्याच जणांच्या घरी अहिराणी, म्हणजे आपली खानदेशातली बोली. खाली जे लिहितोय ते या क्लासमध्ये घासून घासून तयार झालंय. एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या इंग्लिशमधल्या बहुतेक चुका वेडगळ नसतात, घरच्या भाषेच्या हिशोबाने त्या अगदी बरोबर असतात. म्हणून चूक कुठून आली ते आपल्याच भाषेत शोधायचं, नियम मग आपोआप लक्षात राहतो.

दहावीला मराठी मीडियमवाल्यांना इंग्लिश ही तृतीय भाषा असते, ८० मार्कांचा लेखी पेपर आणि २० मार्क तोंडी वगैरेचे. म्हणजे फक्त लिहून भागत नाही, तोंड पण उघडावं लागतं.

आधी एक वही घ्या

शंभर पानी साधी वही, वर नाव लिहा 'माझ्या चुका'. लाज वाटत असेल तर नाव नका लिहू. डाव्या पानावर तुम्ही जे चुकीचं लिहिलं किंवा बोललात ते जसंच्या तसं, उजव्या पानावर बरोबर वाक्य, आणि त्याच्याखाली एका ओळीत चूक का झाली ते मराठीत नाहीतर अहिराणीत. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि पोरं नेमकी तीच गाळतात. दिवसाला तीन चुका पुष्कळ झाल्या. महिनाभराने वही उघडली की दिसेल, चुका शंभर प्रकारच्या नाहीतच, त्याच सात-आठ फिरून फिरून येतात.

ग्रामर : सगळं नको, ही ठिकाणं आधी पकडा

पहिलं ठिकाण म्हणजे क्रियापदाची जागा. 'मी बाजारात केळी विकतो' यात आपलं क्रियापद शेवटी बसतं, सगळे येऊन गेले की मग. इंग्लिशमध्ये ते करणाऱ्याच्या लगेच मागे उभं राहतं, 'आय सेल बनानाज इन द मार्केट'. सुरुवातीला मराठी वाक्य मनात आलं की त्यातलं शेवटचं क्रियापद उचलायचं आणि 'मी' च्या शेजारी नेऊन ठेवायचं, मग बाकीचे शब्द. पंधरा दिवस असं मुद्दाम करा, नंतर विचार करावा लागत नाही.

दुसरं, तो प्रसिद्ध 'एस'. 'ही गोज', 'शी ईट्स', 'माय फादर वर्क्स'. पोरांना नियम पाठ असतो आणि लिहिताना हमखास विसरतात. मी क्लासमध्ये अहिराणी काढतो. मी जास, तू जास, तो जास, ती जास. आपल्याकडे एकटा माणूस असला की सगळ्यांनाच 'स' आहे, कोणी नाराज नाही. इंग्लिश जरा कंजूस आहे, तिने तो 'स' फक्त तो, ती आणि एकट्या वस्तूचं ते (इट) यांनाच दिला, 'मी' ला नाही अन 'तू' ला पण नाही. हे सांगितल्यावर एक पोरगी म्हणाली, "मंग सर, तो जास म्हणजे ही गोज, सोपं शे." सोपं शेच.

तिसरं ठिकाण म्हणजे 'आहे', आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण निम्म्या चुका या एका शब्दातून येतात. आपण 'आहे' (अहिराणीत 'शे') सगळीकडे वापरतो आणि पोरांनी पक्कं ठरवलेलं असतं की आहे म्हणजे इज, ॲम, आर. मग 'मला माहीत आहे' चं होतं 'आय ॲम नो', 'माझ्याकडे दोन बैल आहेत' चं होतं 'माय नियर टू बुल्स आर'. खरं म्हणजे इंग्लिशमध्ये 'आहे' ला वेगवेगळी दारं आहेत. कोणी कसा आहे, कुठे आहे, कोण आहे हे सांगायचं असेल तर ॲम-इज-आर, 'माय सिस्टर इज अ नर्स'. जवळ काही आहे, मालकीचं आहे, नातं आहे, तर हॅव किंवा हॅज, 'वी हॅव टू बुलक्स'. काम करून झालेलं आहे, 'मी जेवलो आहे', तर हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप, 'आय हॅव ईटन'. आणि माहीत असणं, आवडणं, पाहिजे असणं, समजणं यात 'आहे' ला दारच नाही, तो बाहेर राहतो, 'आय नो', 'आय वॉन्ट', 'आय अंडरस्टँड'. वहीत एक पान फक्त 'आहे' ला द्या. दिवसभरात स्वतः बोललेली दहा 'आहे' वाली वाक्यं लिहा आणि प्रत्येकापुढे कोणतं दार ते लिहा. हा एक सराव दोन आठवडे केला तर पेपरात फरक दिसतो, हे मी पाहिलंय.

आयएनजी कुठे लावायचं ते अहिराणीवाल्यांना मराठीवाल्यांपेक्षा लवकर समजतं. 'काय करी ऱ्हायना?' 'मी अभ्यास करी ऱ्हायनू.' जिथे 'ऱ्हायनू' येतं तिथे आयएनजी, 'आय ॲम स्टडीइंग'. 'मी रोज अभ्यास करस' मध्ये 'ऱ्हायनू' नाही, म्हणून 'आय स्टडी एव्हरी डे'. 'आय ॲम स्टडीइंग एव्हरी डे' लिहिणाऱ्याने तेच वाक्य अहिराणीत म्हणून बघावं, कानाला लगेच टोचतं.

'डिड यू वेंट' ही चूक मोठी माणसंही करतात. 'तू गेला होता का' मध्ये 'गेला' पण भूतकाळ आणि 'होता' पण भूतकाळ, दोघांनी मिळून ओझं उचललंय. इंग्लिशमध्ये ओझं एकच जण उचलतो. डिड ने उचललं की गो मोकळा. 'डिड यू गो', 'आय डिडन्ट गो'. डिड नसेल तेव्हाच 'आय वेंट'.

'पासून' चं पण असंच. आपल्याला एकच 'पासून' पुरतो, त्यांना दोन लागतात. कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवून दाखवता येतं तिथे सिन्स, 'सिन्स मंडे', 'सिन्स २०२१'. किती काळ ते मोजायचं असेल तर फॉर, 'फॉर टू इयर्स'. आणि दोन्हीकडे आधी साधा 'ॲम लिव्हिंग' चालत नाही, 'आय हॅव बीन लिव्हिंग इन चोपडा फॉर टू इयर्स' असं लांबलचक म्हणावं लागतं.

आता ए, ॲन, द. मराठीत हा प्रकारच नाही त्यामुळे गाळला तरी आपल्या कानाला काही खटकत नाही. ए का ॲन हे स्पेलिंगवर नाही, आवाजावर ठरतं. 'ॲन अवर' कारण एच मुका आहे, 'ॲन एमएलए' कारण तोंडातून आधी 'ए' निघतो, आणि 'अ युनिव्हर्सिटी', 'अ युनिफॉर्म' कारण स्पेलिंग यू ने सुरू झालं तरी आवाज 'य' चा आहे. 'द' साठी आपल्याच भागातली उदाहरणं पाठ ठेवा. नदीला द, 'द तापी', 'द गिरणा'. डोंगररांगेला द, 'द सातपुडा'. रेल्वेगाडीला द, 'द महाराष्ट्र एक्सप्रेस'. गाव-शहराला नाही, नुसतं भुसावळ, नुसतं धुळे.

प्रिपोझिशन एका बैठकीत येत नाहीत, वाचता वाचता मुरतात. तोपर्यंत वेळेचं एवढं ठेवा, घड्याळाला ॲट, वाराला-तारखेला ऑन, महिन्याला-वर्षाला इन. आणि 'डिस्कस अबाउट', 'रीच्ड टू जळगाव' यातले अबाउट आणि टू काढून फेका. 'टुडे मॉर्निंग' नाही, 'धिस मॉर्निंग'.

उच्चार : आरसा, कागद आणि फोन

पहिल्यांदा चांगली बातमी. आपल्याकडे ळ चा य होतो, शाळाची शाया होते, डोळाचा डोया होतो, आणि त्यावरून शहरातली पोरं हसतात. इंग्लिशमध्ये ळ नाहीच. ण पण नाही. म्हणजे ज्याच्यावरून तुम्हाला हसतात त्याचा इथे काही संबंधच येत नाही, बिनधास्त बोला.

त्रास दुसरीकडे आहे. व ला इंग्लिशमध्ये दोन आवाज आहेत. आरशासमोर उभे राहा. 'व्हेरी', 'व्हिलेज', 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले पाहिजेत. 'वॉटर', 'वेस्ट', 'विंडो' म्हणताना दात दिसायलाच नको, ओठ शिट्टी मारताना होतात तसे गोल. धुळे जळगावच्या वेस्टला आहे, व्हेस्टला म्हटलं तर बनियनला आहे. फ चंही तेच, 'फळ' म्हणताना आपले दोन्ही ओठ भेटतात पण 'फादर' म्हणताना परत वरचे दात खालच्या ओठावर.

झेड चा आवाज ओळखायची युक्ती सोपी आहे. गळ्यावर बोट ठेवा आणि मधमाशीसारखं लांब गुणगुणा, झझझझ, जितका श्वास आहे तितका वेळ. आवाज ताणता येतोय आणि गळा थरथरतोय म्हणजे बरोबर. 'ज' असा ताणता येत नाही, एकदा फुटला की संपला. म्हणून 'झू', 'झीरो', आणि 'इज' सुद्धा खरं म्हणजे 'इझ' च आहे. 'थिंक' आणि 'धिस' साठी जिभेचं टोक दातांच्या मध्ये किंचित बाहेर आणून हवा सोडायची. पोरं हसतात. हसू द्या, पण जीभ बाहेर काढा.

ऱ्हस्व-दीर्घ मराठी लिहिताना आपण कसंही चालवतो, इंग्लिश बोलताना अर्थच बदलतो. एका पोराने निबंधात वाचून दाखवलं की साक्रीकडे जाताना रस्त्यात त्याला पुष्कळ 'शिप्स' दिसल्या. साक्रीला जहाजं कुठून आली भो, ठेलाऱ्यांच्या, म्हणजे मेंढपाळांच्या, मेंढ्या होत्या त्या, 'शीप'. (आणि शीप चं अनेकवचन पण शीपच.) तसंच सिट-सीट, फिल-फील, लिव्ह-लीव्ह. जोड्या करून मोठ्याने म्हणा, दुसरा शब्द ओढून.

शब्दाच्या सुरुवातीला 'इ' चिकटवायची आपली सवय, इस्कूल, इस्टँड, इस्टोरी. ती घालवायला आधी नुसता 'स्स्स्स' लांब करा, मग थांबा न घेता 'कूल' जोडा. 'स्स्स्कूल'. चार दिवसांत जाते.

ईडी चं दोन मिनिटांचं काम आहे. क्रियापदाचा शेवटचा आवाज ट किंवा ड असेल तरच 'इड' ऐकू येतं, 'वॉन्टिड', 'नीडिड'. प, क, फ, स, श, च यांच्यामागे तो 'ट' होतो, 'स्टॉप्ट', 'वर्क्ट', 'वॉश्ट'. बाकीच्या मागे 'ड', 'प्लेड', 'कॉल्ड'. 'वर्केड', 'स्टॉपेड' असं काही नसतं.

आता जोर, म्हणजे स्ट्रेस. याकडे शाळेत कोणी फारसं बघत नाही, पण इंग्लिश ऐकून समजत नाही त्याचं अर्धं कारण हेच. आपण मराठीत साधारण प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, ते लोक एका ठिकाणी जोर देतात आणि बाकीचं गिळतात. आपल्या घरचाच शब्द घ्या, बनाना. स्पेलिंगमध्ये ए तीनदा येतो. जोर फक्त मधल्या 'ना' वर, तो लांब. पहिला आणि शेवटचा ए तोंडातल्या तोंडात, मेल्यासारखा 'अ'. दुसरं पीक घ्या, कॉटन. जोर 'कॉ' वर, पुढचा ओ जवळपास गायब, 'कॉट्न'. तिसरा, 'फोटोग्राफ' मध्ये जोर सुरुवातीला पण 'फोटोग्राफर' झाला की जोर सरकून 'टॉ' वर जातो, 'फटॉग्रफर'. ऑनलाइन डिक्शनरीत, केंब्रिजची किंवा ऑक्सफर्डची, शब्दाशेजारी स्पीकरची खूण असते, ती दाबून ऐका, आणि उच्चाराच्या चिन्हांमध्ये एक छोटी उभी रेघ वरच्या बाजूला असते ती बघा. रेघेच्या लगेच नंतरच्या तुकड्यावर जोर. एवढी रेघ वाचता आली तरी पुष्कळ आहे, बाकीची चिन्हं नंतर.

आपला उच्चार बरोबर आहे का हे सांगायला घरी कोणी नसतं, तर घरातला फोन आहे ना. कीबोर्डवर माइकचं बटण असतं, भाषा इंग्लिश ठेवा आणि बोला. 'आय सॉ अ शीप' म्हटल्यावर फोनने जहाज टाइप केलं तर समजायचं काय ते. फोन शंभर टक्के बरोबर नसतो, कधी तो वाक्यावरून अंदाज मारतो, म्हणून सुटे शब्द म्हणून बघा. आणि रोज एक मिनिटाचं इंग्लिश ऐका, आकाशवाणीच्या बातम्या नाहीतर बीबीसी लर्निंग इंग्लिश, यूट्यूबवर स्पीड पाऊणपट करता येतो. एक वाक्य ऐकलं की थांबवायचं आणि त्याच चालीत म्हणायचं. अर्थ नाही समजला तरी चाल पकडा.

लिहिणं : आधी तोंडाने, मग पेनाने

गाइडमधला 'माय फेवरेट सीझन' पाठ करू नका. स्वतःच्या घरात आज काय झालं ते पाच वाक्यांत लिहा, रोज. आठवीतल्या एकाने मला हे दाखवलं होतं, त्याच्या परवानगीने देतोय : "टुडे मॉर्निंग इन अवर फार्म बनाना कटिंग वॉज देअर. ट्रक केम. माय फादर टोल्ड टू मी टू नॉट गो स्कूल. आय काउंटेड बंच. व्हेरी एन्जॉय."

मी चुका दाखवल्या नाहीत, आधी मराठीत विचारलं. ट्रक किती वाजता आला? सहाला. घड किती भरले? दोनशे दहा. मजा आली म्हणजे काय झालं? तो म्हणाला मजा कसली सर, नवीन शर्टाला केळीचा चीक लागला, आई बोलली. हे खरं लिहिण्यासारखं आहे! मग चीक ला काय म्हणतात ते शोधलं, झाडाच्या चिकाला 'सॅप'. दुसऱ्यांदा त्याने लिहिलं ते असं झालं : "धिस मॉर्निंग वी कट बनानाज ऑन अवर फार्म. द ट्रक केम ॲट सिक्स. माय फादर आस्क्ट मी टू स्टे ॲट होम, सो आय काउंटेड द बंचेस. देअर वेअर टू हंड्रेड अँड टेन. बाय नून माय न्यू शर्ट हॅड ब्लॅक स्टेन्स ऑफ बनाना सॅप, अँड माय मदर वॉज अँग्री."

व्याकरण सुधारलंय ते तर आहेच, पण बघा, आकडा आला, वेळ आली, शर्ट आला. 'व्हेरी एन्जॉय' गेलं. तपासणाऱ्याच्या हातात त्या दिवशी किती पेपर असतील, त्यात 'व्हेरी एन्जॉय' पुष्कळ असणार, केळीचा चीक कोणाच्याच पेपरात नसणार.

लिहून झालं की तीन फेऱ्या मारा, तीनही एकदम नका मारू. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांवर बोट ठेवत जा, काळ एकच आहे ना, 'एस' लागला ना. दुसऱ्या फेरीत फक्त नामं, आधी ए-ॲन-द पाहिजे का, शेवटी अनेकवचन पाहिजे का. तिसऱ्या फेरीत मोठ्याने वाचा, जिथे श्वास पुरत नाही तिथे फुलस्टॉप टाका. इंग्लिश वाक्य दहा-बारा शब्दांचं ठेवा. माझी मराठी वाक्यं बघू नका, मी मोकळा सुटलोय, तुम्हाला पेपर द्यायचाय.

पत्राचा सांगाडा समजून घ्या, मजकूर पाठ नको. पहिल्याच वाक्यात काय पाहिजे ते सांगा, 'आय नीड अ बोनाफाइड सर्टिफिकेट फॉर माय स्कॉलरशिप फॉर्म', मग का पाहिजे, मग कधीपर्यंत, मग आभार. 'डिअर सर' ने सुरू केलं तर शेवट 'युअर्स फेथफुली', नाव घेऊन 'डिअर मिस्टर पाटील' लिहिलं तर 'युअर्स सिन्सिअरली'. न्यूज रिपोर्टला वर हेडलाइन, मग ठिकाण-तारीख, आणि पहिल्याच वाक्यात काय, कुठे, कधी. भाषांतरात म्हण आली तर शब्दाला शब्द लावू नका, 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' म्हणजे आपलं 'नाचता येईना अंगण वाकडे', त्यात ना कारागीर आहे ना हत्यार.

तोंडीच्या दिवशी

रोजचा हिशोब फार नाही, दहा मिनिटं वही, दहा मिनिटं ऐकून म्हणणं, वीस मिनिटं लिहिणं. लाइट नसेल त्या दिवशी अंधारात बसून नुसतं बोला, त्याला कुठे लाइट लागते. दोघं मिळून केलं तर आणखी बरं, शेतात जाता-येता एकाने विचारायचं 'व्हॉट डिड यू डू यस्टर्डे' आणि दुसऱ्याने न थांबता पाच वाक्यं सांगायची, चुकली तरी थांबायचं नाही, चूक घरी जाऊन वहीत.

तोंडीला स्वतःची ओळख सांगताना 'मायसेल्फ अमुक अमुक' म्हणू नका. मी पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला म्हटलं होतं आणि समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून आठवतं. साधं 'माय नेम इज' किंवा 'आय ॲम'. गाव सांगा, घरी काय पिकतं ते सांगा, ज्यातले शब्द तुम्हाला येतात तिकडे बोलणं न्या. आणि प्रश्न समजला नाही तर खाली बघत उभं राहू नका, मान वर करून म्हणा, 'सॉरी सर, कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' हे वाक्य मात्र पाठच करा.